फसलेलं पीठ आणि तीन भागीदार: एका बेकरीचा प्रकरण अभ्यास

या बेकरीची सुरुवात कशी झाली, हे तिच्या तीन भागीदारांना वेगवेगळं गाठून विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. एक म्हणते, यीस्ट संपलं म्हणून. दुसरी म्हणते, पाणी दोनदा पडलं म्हणून. तिसरा म्हणतो, पीठ फ्रिजमध्ये पडून राहिलं म्हणून. तिघांचंही खरं आहे. आणि माझ्या मते बेकरी निघाली ती त्या चुकीतून नव्हे, तर कोणाच्या चुकीने पाव चांगला झाला हा वाद मिटवण्याच्या खटपटीतून.

नावं आणि गाव मुद्दाम देत नाही. कामावरून ओळखू: मळणारी, मोजणारी आणि विकणारा. कॉलेजपासूनची दोस्ती, तिघांच्या तीन तऱ्हेच्या नोकऱ्या. धंद्याचा अनुभव कोणालाच नव्हता. मळणारीला घरी पाव भाजायची हौस होती, बाकीच्या दोघांना तो खायची.

काय घडलं

सुट्टीच्या दिवशी बरीच मंडळी जेवायला येणार होती. मळणारीचं प्रमाण ठरलेलं होतं: १ किलो पीठ, ६५० ग्रॅम पाणी, २० ग्रॅम मीठ, १० ग्रॅम कोरडं यीस्ट. पाकीट उघडलं तर तळाला चिमूटभरच यीस्ट उरलेलं, फार तर १ ग्रॅम. दुकानात जायचा कंटाळा आला आणि "फुगेल हळूहळू" म्हणत तिने तेवढंच टाकलं. पाणी मोजून ओतलं आणि फोन वाजला म्हणून ती बाहेर गेली. तेवढ्यात मोजणारी आत आली. पीठ कोरडं दिसलं, म्हणून तिने वजनकाट्यावरच आणखी १०० ग्रॅम पाणी ओतलं. किती ओतलं हे तिच्या लक्षात राहिलं, हे पुढे फार उपयोगी पडलं.

संध्याकाळपर्यंत पीठ फुगलं नाही ते नाहीच. पातेल्याच्या तळाला चिकट, सैल थर पसरला होता. विकणाऱ्याने बोट लावून पाहिलं आणि निकाल दिला, "अगं, हे मेलंय." जेवण बाहेरून मागवलं. कचऱ्याचा डबा भरलेला होता, म्हणून त्याने पातेल्यावर झाकण ठेवून ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सरकवलं. उद्या टाकू म्हटलं, आणि उद्याचा परवा झाला.

परवा ओव्हन दुसऱ्याच कशासाठी तापवला होता. मळणारीने पातेलं धुवायला म्हणून काढलं, तर झाकणाखाली पीठ जवळजवळ दुप्पट. वर पातळ बुडबुडे, वास आंबूस पण सुखद. उचलायला गेली तर पीठ हाताबरोबर लांब ताणलं जात होतं, तुटत नव्हतं. ज्यांनी पीठ मळलंय त्यांना याचा अर्थ कळतो. कोणी न मळताच त्याला ताण आला होता. ओव्हन तापलेलाच होता, म्हणून तिने ते जाड बुडाच्या झाकणाच्या भांड्यात टाकून भाजलं. वरचं कवच गडद तांबूस झालं, त्यावर बारीक फोड आले. बाहेर काढून जाळीवर ठेवल्यावर पाच-दहा मिनिटं ते तडतडत होतं. कापल्यावर आत मोठ्या, वेड्यावाकड्या भोकांची जाळी आणि ओलसर चमक.

त्या पावाचा तुकडाही उरला नाही. पुढच्या आठवड्यात मळणारीने तसाच पाव पुन्हा करायला घेतला आणि तो साफ बिघडला.

तीन चुका सुट्या करणं

इथे बहुतेक जण थांबतात. "त्या दिवशी काय झाला होता पाव!" अशी आठवण काढतात आणि सोडून देतात. या तिघांत मात्र भांडण लागलं. मळणारीच्या मते जादू कमी यीस्टची, मोजणारीच्या मते जास्त पाण्याची, विकणाऱ्याच्या मते फ्रिजची, अर्थातच त्याच्या. मोजणारीने वही काढली आणि म्हणाली की एका वेळी एकच गोष्ट बदलून बघू.

पूर्ण यीस्ट, जास्त पाणी आणि त्याच दिवशी भाजलेला पाव ओव्हनमध्ये पसरला. जाळी बरी होती, चव मात्र नुसत्या पिठाची. कमी यीस्ट, नेहमीचं पाणी आणि फ्रिजमध्ये दोन रात्री, हा पाव वासाला आणि रंगाला सुरेख निघाला, पण आतून घट्ट. पूर्ण यीस्ट, जास्त पाणी आणि दोन रात्री फ्रिज, या पिठाने तर झाकण उचललं, कप्प्यात ओघळलं आणि मग खाली बसलं. दारूसारखा वास, भाजल्यावर चपटा आणि फिकट पाव. शेवटी तिन्ही चुका एकत्र मुद्दाम केल्या आणि त्या दिवशीचा पाव परत आला.

वहीत त्या पानावर मोजणारीने एक ओळ लिहिली आहे: "जाळी पाण्याची, चव आणि रंग वेळेचा, आणि एवढा वेळ काढता आला तो कमी यीस्टमुळे." अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मला हे वाटतं. पीठ आणि पाणी नुसतं एकत्र पडून राहिलं तरी प्रथिनांची जाळी आपोआप विणली जाते. मळल्याने ते काम लवकर होतं, इतकंच. पिठातली अमायलेज विकरं दरम्यान स्टार्चपासून साखर सोडत राहतात. थंडीत यीस्ट मंदावतं आणि ते मुळातच कमी असेल तर सगळी साखर खाऊन टाकत नाही. उरलेली साखर आणि प्रथिनं तापलेल्या कवचात एकमेकांशी जुळून तो गडद रंग आणि भाजका वास तयार करतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडलेली हीच ती प्रक्रिया. जास्त यीस्टचा पाव फिकट का निघाला, त्याचं उत्तरही यातच आहे: रंगायला साखर उरलीच नव्हती.

एवढं झाल्यावर तिघांना वाटलं की आपण काहीतरी शोधून काढलं. ते फार दिवस टिकलं नाही. थोडं वाचल्यावर कळलं की न्यूयॉर्कच्या सलिव्हन स्ट्रीट बेकरीचे जिम लेही यांची न मळता करायच्या पावाची कृती खाद्यलेखक मार्क बिटमन यांनी नोव्हेंबर २००६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधून घरोघरी पोचवली होती. चिमूटभर यीस्ट, सैल पीठ, १२ ते १८ तासांचा आराम आणि तापवलेलं झाकणाचं भांडं. त्याच्याही आधी, १९७४ मध्ये, फ्रान्सचे रेमाँ काल्व्हेल यांनी पीठ-पाणी एकत्र करून थोडा वेळ नुसतं ठेवायची पद्धत सांगितली होती, ती जगभरचे बेकर वापरतात. मळणारी हिरमुसली. मोजणारी उलट खूश झाली: "बरंच आहे की! म्हणजे पुढच्या अडचणींची उत्तरंही कोणीतरी लिहून ठेवली असतील." मला तिचं पटतं. धंद्याला अनोखेपणा लागतोच असं नाही. तोच पाव मंगळवारी आणि शुक्रवारी सारखा निघणं मात्र लागतंच.

उन्हाळ्याने शिकवलेलं

सारखा निघणं, इथेच गाडं अडलं. थंडीच्या दिवसांत बसवलेली कृती उष्मा वाढल्यावर कोसळली. पीठ फ्रिजमध्ये जायच्या आतच फुगून बसायचं. मळणारी यीस्ट आणखी कमी करत गेली. पण १ ग्रॅमच्या खाली घरातला वजनकाटा भरवशाचा राहत नाही, त्यामुळे रोज नवाच गोंधळ.

तोडगा जुन्या बेकरांच्या आकडेमोडीत मिळाला. मळल्यानंतर पीठ किती अंशांवर हवं ते आधी ठरवायचं, समजा २५ अंश सेल्सिअस. हाताने मळताना त्याची तिप्पट करायची, म्हणजे ७५. त्यातून खोलीचं तापमान वजा करायचं, ३१. पिठाचं वजा करायचं, ३०. उरले १४. त्या दिवशी पाणी १४ अंशांचं घ्यायचं. यंत्राने मळायचं असेल तर घर्षणाची उष्णताही धरावी लागते. मग चौपट करून चार गोष्टींचा हिशेब होतो. यीस्टच्या चिमटीशी झुंजण्यापेक्षा हे सोपं निघालं. बर्फाचं पाणी आणि थर्मामीटर एवढ्यात काम भागलं.

त्याच सुमारास त्यांनी बेकरी-टक्केवारीची शिस्त लावून घेतली. पीठ नेहमी १०० धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात: पाणी ७५, मीठ २, यीस्ट ०.१. एक किलोला चालतं तेच वीस किलोला. निदान कागदावर तरी.

विकायला कधी लागले

आधी फुकट वाटले. सगळ्यांनी वाखाणले. फुकट पावाची निंदा करणारा माणूस विरळाच, त्यामुळे त्या कौतुकावरून काहीच कळत नव्हतं. विकणाऱ्याने एक चांगली गोष्ट केली. एका आठवड्यापासून त्याने सरळ सांगितलं की आता पैसे पडतील, आणि वहीत फक्त दुसऱ्यांदा मागवणाऱ्यांची नावं लिहायची. "वा वा" करणाऱ्यांपैकी बरेच त्या यादीत आले नाहीत. जे आले त्यातले काही तोंडदेखलंसुद्धा कौतुक न करणारे होते. मात्र दर आठवड्याला न चुकता दोन पाव घ्यायचे.

पहिल्या तक्रारी चवीबद्दल नव्हत्याच. "दुसऱ्या दिवशी दगड होतो" असं दोघांनी सांगितलं. चौकशी केली तर दोघंही पाव फ्रिजमध्ये ठेवत होते. मळलेल्या पिठाला फ्रिज मानवतो, भाजलेल्या पावाला नाही. फ्रिजच्या थंडीत भाजलेला स्टार्च पुन्हा झपाट्याने घट्ट होतो आणि बाहेर ठेवलेल्या पावापेक्षा तो पाव लवकर शिळा लागतो. तेव्हापासून प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी असते: दोन दिवस कापडात गुंडाळून बाहेर, त्यापेक्षा जास्त ठेवायचा तर कापून फ्रीजरमध्ये, फ्रिजमध्ये अजिबात नाही. तक्रार थांबली. गरम पाव कापू नका, हेही त्याच चिठ्ठीत आहे, पण ते कोणी पाळत नाही.

परवाना, नोंदणी, स्वयंपाकघराची तपासणी हे सगळं रीतसर झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडचण भट्टीत नव्हती

घरच्या ओव्हनमध्ये दोन भांडी मावत. भांडी तापवण्यासकट एक घाणा तासाभराचा, म्हणजे सकाळच्या सहा तासांत १२ पाव. मागणी वाढू लागली तशी तिघांनाही खात्री पटली की मोठी भट्टी घेतली की प्रश्न सुटला. पदरचे पैसे घालून ती घेतली. आणि पावांची संख्या फार काही वाढली नाही.

कारण साधं होतं, पण पैसे खर्च होईपर्यंत कोणाला दिसलं नाही. हा पाव भट्टीत तासभर असतो आणि फ्रिजमध्ये दोन दिवस. रोज १२ पाव विकायचे तर कुठल्याही क्षणी २४ पावांचं पीठ थंडीत पडून असणार. रोज ३० विकायचे तर ६०. रांगांचं गणित शिकवताना हाच नियम जॉन लिटल यांच्या नावाने सांगतात. त्यांनी त्याची सिद्धता १९६१ मध्ये दिली. आत असलेली संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ. बँकेची रांग असो वा पिठाची, गणित तेच. ज्या चुकीने चव दिली, तिचं भाडं फ्रिजच्या जागेत भरावं लागत होतं.

दुसरा फ्रिज आणला तर वेगळंच दुखणं निघालं. वीस किलोचं पीठ एका मोठ्या टबात घालून आत ठेवलं, तर कडेचं पीठ थंड आणि मधलं पुढचे कित्येक तास कोमट. मध्ये भरपूर फुगलेलं, कडेला सुस्त. एकाच टबातून निघालेले पाव दोन बेकऱ्यांचे वाटावेत असे. इथे टक्केवारी बरोबर होती, पण उष्णता टक्केवारीने निघून जात नाही. लहान पातेल्यात जे घडलं होतं त्यात पातेलं लहान असणं हासुद्धा एक घटक होता, आणि तो वहीत कोणी लिहिलाच नव्हता. मग टब गेला, उथळ ट्रे आले, पीठ दोन-दोन किलोंत वाटून पातळ थरात ठेवू लागले, आणि मळतानाचं तापमान २५ वरून २३ अंशांवर आणलं. तेव्हा कुठे सगळे पाव भावंडं दिसू लागले.

मला विचाराल तर या प्रकरणातला खरा कसोटीचा काळ हा होता. पातेल्यातली चूक ही सुरुवात म्हणून ठीक. पण वीस किलोंच्या पिठाशी झगडताना तिघांपैकी कोणीही "आता पुरे" म्हणालं असतं तर बेकरी तिथेच आटोपली असती. कोणी म्हणालं नाही, कारण तोवर वहीमुळे प्रत्येक बिघाडाचं कारण आज ना उद्या सापडतं हा विश्वास बसला होता.

प्रसिद्ध चुकांच्या गोष्टीही जवळून पाहिल्या तर अशाच निघतात. अमेरिकेतल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात १८९४ मध्ये केलॉग बंधूंचा शिजवलेला गहू पडून राहिला आणि लाटल्यावर त्याचे पापुद्रे निघाले. धाकट्या भावाने, विल कीथने, स्वतःची कंपनी काढली ती १९०६ मध्ये. मधली बारा वर्षं प्रयोगांत, पेटंटात, गव्हाकडून मक्याकडे, म्हणजे कॉर्नफ्लेक्सकडे, वळण्यात आणि भावाभावांच्या कुरबुरीत गेली. रूथ वेकफिल्ड यांच्या चॉकलेटच्या तुकड्यांच्या कुकीजबद्दल तर "चुकून झालं" ही दंतकथाच म्हणायची. १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये खाणावळ चालवणारी ही बाई गृहशास्त्र शिकलेली होती आणि पदार्थ पारखून, बसवून करणारी होती. चुकीची गोष्ट सांगायला बरी वाटते, म्हणून ती टिकते.

या तिघांनाही काही काळ तो नाद लागला होता. काहीही बिघडलं की "थांबा, फेकू नका, बघू काय होतंय!" एकदा मीठ विसरलं, तर तोही पाव कौतुकाने भाजला. बेचव निघाला, फेकला. एकदा फ्रिज बंद पडला आणि अख्खं पीठ आंबून गेलं. त्यातलं थोडं दुसऱ्या दिवशीच्या नव्या पिठात जुनं पीठ म्हणून जिरवलं, जसं बेकर जिरवतातच, पण बाकीचं फेकलं. मोजणारीने वहीत "फेकलं" असा रकाना आखल्यावर हा नाद सुटला. तो रकाना किती लांबतो हे डोळ्यांसमोर आलं.

पैसे आणि मैत्री

पहिल्या हिशेबात पीठ, मीठ, यीस्ट, वीज आणि पिशवी होती. फायदा भरपूर दिसत होता, कारण मजुरीचा रकाना शून्य होता. पहाटे चारला उठून ट्रे काढणारी मळणारीच. मोजणारी रात्री तासभर वहीला बसायची. विकणारा दुपारी पोचवायला जायचा आणि चार लोकांशी गप्पा मारून यायचा. तिघांत नफा सारखा वाटायचा असं ठरलं होतं, तेव्हा ते न्याय्य वाटलं होतं. काही महिन्यांनी मळणारी गप्प राहू लागली. मित्रांच्या धंद्यात गप्प राहणं हे भांडणापेक्षा वाईट लक्षण.

मोडलं नाही, कारण विषय विकणाऱ्यानेच काढला: "माझ्या आणि तुझ्या तासाला एकच भाव कसा गं?" मग बसून नव्याने ठरवलं. आधी प्रत्येकाला केलेल्या तासांची मजुरी, पहाटेच्या तासाला जास्त दर. ती खर्चात धरायची. मजुरी आणि बाकी सगळा खर्च जाऊन जे उरेल ते भांडवलाच्या प्रमाणात वाटायचं. कोणाला बाहेर पडायचं असेल तर किती आधी सांगायचं आणि हिस्सा कसा मोजायचा, हेही लिहून सह्या केल्या. नव्या हिशेबात पाव तोट्यात निघाला. किंमत वाढवावी लागली, काही गिऱ्हाइकं गळाली, आणि त्यानंतर पहिल्यांदा बेकरी खरोखर स्वतःच्या पायावर उभी आहे की नाही हे कळण्याजोगं झालं. मळणारीने नोकरी सोडली ती त्यानंतर. बाकीच्या दोघांनी अजून सोडलेली नाही.

सध्या काय चाललंय

आता दोन तऱ्हेचे पाव निघतात. एक मूळचा, दोन रात्रींचा. दुसरा एका रात्रीचा, त्यात यीस्ट ०.२ टक्के, चव थोडी साधी. पण तो फ्रिजमधली जागा निम्मीच खातो, म्हणून त्याच जागेत दुप्पट निघतो. जाणकार गिऱ्हाइकं पहिला मागतात, खप दुसऱ्याचा जास्त आहे. मळणारीला याचं थोडं वाईट वाटतं. मोजणारीला अजिबात नाही.

नुकतीच एका उपाहारगृहाने रोजची मोठी मागणी देऊ केली आहे, अट अशी की संख्या आदल्या संध्याकाळी कळवणार. दोन रात्रींच्या पावाला ते शक्य नाही. आज संध्याकाळी कळलेली संख्या परवाच्या आत भट्टीत जाऊच शकत नाही. विकणाऱ्याचं म्हणणं, अंदाजाने जास्त पीठ लावून ठेवू. मोजणारी म्हणते, मग न उचललेल्या पिठाचे पैसे उपाहारगृहाने द्यावेत, नाहीतर त्यांनी एका रात्रीचा पाव घ्यावा आणि संख्या दुपारी बाराच्या आत सांगावी. मळणारीने एक महिन्यापुरतं एका रात्रीच्या पावाचं मान्य केलंय. महिना अजून संपायचाय.